डंबेलचे १५ रेप झाल्यावर तुम्ही थांबता, की स्नायू थांबतात?

प्रश्न: वय ४१, ठाण्यात बँकेत नोकरी. आठ महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा जिमला जाते. डंबेल शोल्डर प्रेस (डंबेल्स खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) अडीच किलोच्या जोडीने, गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी धरून बैठका) ५ किलोने, लॅट पुलडाऊन (मशीनचा वरचा दांडा छातीकडे ओढणं) १५ किलोवर. सगळं ३ सेट, १५ रेप (म्हणजे सलग १५ वेळा तीच हालचाल). पहिल्या दोन महिन्यांत फरक जाणवला, नंतर काहीच नाही. ट्रेनर म्हणतात, लेडीजनी वजन कमी आणि रेप जास्त ठेवायचे, म्हणजे बॉडी टोन होते. रील्सवाले म्हणतात, फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढचा रेप होईनासा होईपर्यंत, गेल्याशिवाय उपयोग नाही. सासूबाई म्हणतात, जड उचललं की गर्भाशय खाली येतं. नक्की किती जोर लावायचा, आणि तो पुरेसा आहे हे कळायचं कसं?

उत्तर:

तुम्ही दिलेले आकडे पाहता माझा अंदाज असा, की लॅट पुलडाऊनला तुम्ही स्वतःच्या ताकदीच्या चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर काम करताय आणि स्क्वॉटला त्याहूनही खाली. असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. बाईला ‘तुझं वजन तूच निवड’ म्हटलं की ती काय उचलते, हे संशोधकांनी मोजून पाहिलंय. अमेरिकेतल्या २००८ सालच्या एका अभ्यासात व्यायाम करणाऱ्या बायकांना १० रेपसाठी एरवी घ्याल ते वजन निवडायला सांगितलं आणि प्रत्येकीला एकदाच उचलता येईल असं सर्वांत जास्त वजनही काढलं. आपलं आपण व्यायाम करणाऱ्यांनी सरासरी त्याच्या ४२ टक्के निवडलं होतं, पर्सनल ट्रेनर असलेल्यांनी ५१ टक्के. ज्या वजनावर दहावा रेप खरोखर शेवटचा ठरतो ते साधारण ७५ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे ट्रेनरचा फायदा झाला हे खरं, पण फी भरूनही मजल निम्म्यापर्यंतच गेली.

पुरुष यातून सुटलेत असं समजू नका. दुसऱ्या एका अभ्यासात जिमला सरावलेल्या १६० पुरुषांना बेंच प्रेसवर १० रेपसाठी लावता तेच वजन लावा आणि जमतील तितके रेप काढा असं सांगितलं. सरासरी १६ निघाले. माणूस सवयीचं वजन उचलतो, एवढाच याचा अर्थ. फरक पडतो तो पुढे. पुरुषाला शेजारचा कुणीतरी ‘अजून एक प्लेट लाव की’ म्हणतो, बाईला ‘मॅडम, सांभाळून’ म्हणतो. आठ महिने रोज ‘सांभाळून’ ऐकलं की हात आपोआप त्याच अडीच किलोकडे जातो.

तुमच्या १५ किलोचं गणित मांडून दाखवते. समजा, तपासल्यावर असं निघालं की २७.५ किलोवर तुमचे नीट १० रेप होतात आणि अकरावा काही केल्या होत नाही. आठ महिने नियमित येणाऱ्या बाईला हे अवघड नाही. आम्ही एक साधं सूत्र वापरतो: रेपला ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि वजनाने गुणा. उत्तर येतं साधारण ३६-३७ किलो. ही झाली एका रेपची अंदाजे ताकद, आणि १५ किलो म्हणजे तिचे ४१ टक्के. त्या वजनावर पंधराव्या रेपला तुम्ही थांबता तेव्हा स्नायूंत अजून निदान तितकेच रेप शिल्लक असतात. (मशीनवरचे आकडे एका जिममधून दुसऱ्या जिममध्ये नेऊ नका. पुलीची रचना बदलली की तेच १५ किलो हलकं किंवा जड लागतं.)

पहिले दोन महिने फरक का पडला आणि मग का थांबला, याचं उत्तरही यातच आहे. नव्या माणसाला कुठलंही वजन लागू पडतं. सुरुवातीची वाढ बरीचशी मेंदू आणि नसांच्या शिकण्याची असते: कुठला स्नायू कधी आवळायचा, तोल कसा राखायचा. ते शिकून झालं, की पुढे वाढायला शरीराला कारण लागतं. जे वजन पंधरा वेळा उचलून तुम्ही शेजारणीशी गप्पा मारू शकता, ते असं कारण देत नाही.

सगळ्यांत मोठा घोळ होतो तो दमण्याच्या बाबतीत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी आळशी अजिबात नसतात. सकाळी साडेपाचला उठून डबे करून येतात, बर्पी म्हटलं की बर्पी, स्टेपर म्हटलं की स्टेपर, टी-शर्ट पिळून घ्यावा इतका घाम. त्यांना ‘तुम्ही कमी जोर लावताय’ म्हटलं की राग येतो, आणि तो रास्त आहे. जोर लागतोय, पण तो श्वासावर. अडीच-पाच किलोची डंबेल्स घेऊन पाच व्यायाम एकापाठोपाठ एक, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, असं सर्किट केलं की सेट थांबतो तो धाप लागल्यामुळे. मांड्या अजून दहा बैठका सहज काढू शकल्या असत्या, त्यांची वेळ येण्याआधीच फुप्फुसांनी हात वर केलेले असतात. असा व्यायाम वाईट नाही, हृदयाला तो हवाच. पण त्याला ताकदीचा व्यायाम समजून वर्ष काढलं, तर वर्षाअखेरी दम वाढलेला असतो आणि ताकद होती तिथेच असते.

म्हणून तुमच्यासाठी पहिला बदल वजनाचा नाही, विश्रांतीचा आहे. स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं), प्रेस, रो (वजन स्वतःकडे ओढणं) अशा मोठ्या व्यायामांच्या दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं थांबा. खरंच थांबा. बसा, पाणी प्या. सुरुवातीला फार विचित्र वाटेल, लोक म्हणतील ही नुसती बसून असते. ट्रेनरही ‘मॅडम, चला, तोवर दोरीवरच्या उड्या मारा’ म्हणेल. नाही म्हणा. ट्रेडमिल शेवटी ठेवा, आधी नको.

आता जोर किती, हे कळण्याची रीत.

सेट संपला की स्वतःला विचारा, ‘नीट फॉर्ममध्ये अजून किती रेप झाले असते?’ आणि आकडा तोंडाने म्हणा किंवा वहीत लिहा. शिल्लक शून्य म्हणजे फेल्युअर. शिल्लक एक ते तीन हा कामाचा पट्टा. शिल्लक पाच-सहा म्हणजे वॉर्म-अप. तुमचे सध्याचे सगळे सेट, मला भीती आहे, वॉर्म-अपच्याही अलीकडे येतात.

अडचण अशी की ज्या बाईने शून्य कधी पाहिलंच नाही, तिला ‘तीन शिल्लक’ कसे कळणार? लहानपणापासून मैदानी खेळ खेळलेल्या मुलींना शरीराची हद्द थोडीफार ठाऊक असते. बाकीच्यांचा अंदाज भीतीच्या जवळून निघतो: ‘जड लागायला लागलं’ आणि ‘आता होणार नाही’ यांत त्यांना फरकच वाटत नाही. तो असतो, आणि कधीकधी आठ-दहा रेपचा असतो.

तेव्हा एकदा शून्य पाहून या. जिथे अडकलं तरी इजा होत नाही असे व्यायाम निवडा: लेग प्रेस, बसून करायचा चेस्ट प्रेस, लॅट पुलडाऊन, केबल रो. पहिल्याच दिवशी पाठीवर बार घेऊन हा प्रयोग करायचा नाही. नीट वॉर्म-अप करा, तुमच्या मते १० रेपचं असेल ते वजन लावा, आणि सुरू करण्याआधी आकडा ठरवा: ‘माझे बारा होतील.’ मग जमतील तितके काढा. ट्रेनरला आधीच सांगून ठेवा, ‘सर, फक्त मोजा. हात लावू नका आणि थांबायला सांगू नका.’ हे सांगावंच लागतं. आपल्याकडच्या ट्रेनरना एक खोड असते. आठव्या रेपपासून बारखाली हात घालतात, ‘कम ऑन, ऑल यू’ म्हणतात आणि वजन निम्मं स्वतः उचलतात. तुम्हाला वाटतं बारा झाले. तुमचे असतात आठ.

शेवट जवळ आल्याची खूण जळजळ नाही, घाम नाही, चेहरा वाकडा होणंही नाही. खूण आहे वेग. तुम्ही पूर्ण जोराने ढकलताय आणि तरी वजन सावकाश वर जातंय, मधेच जरा अडल्यासारखं होतंय, असं झालं की एक-दोन शिल्लक आहेत. सगळे रेप एकाच वेगाने, एकाच लयीत झाले असतील तर शेवट बराच लांब होता, मग तुम्हाला काहीही वाटो. मोबाइल बाटलीला टेकवून शेवटच्या सेटचा व्हिडिओ काढा आणि घरी जाऊन पाहा. आपल्याला भयंकर जड वाटलेला सेट व्हिडिओत किती सरळ जातो हे पाहून बहुतेक जणी चकित होतात.

हे करताना १५ रेपवर राहू नका, ६ ते १० वर या. कारण साधं आहे. जास्त रेपच्या सेटमध्ये जळजळ आधी येते आणि ताकद संपण्याआधीच तुम्हाला थांबवते. शिवाय किती शिल्लक आहेत हा अंदाज लांब सेटमध्ये जास्त चुकतो. सरासरी माणूस एखाद्या रेपने कमी सांगतो, म्हणजे तीन शिल्लक म्हणतो तेव्हा चार असतात. सेट लहान आणि शेवटाच्या जवळ असेल तर अंदाज सुधारतो, लांब असेल तर बिघडतो.

इथे बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी ट्रेनिंगच्या तक्त्यांत सापडत नाही. ठरावीक टक्क्यांच्या वजनावर बायका सहसा पुरुषांपेक्षा जास्त रेप काढतात, त्यांचे स्नायू त्या प्रमाणात उशिरा थकतात. जिमच्या भिंतीवर ‘७० टक्के = १२ रेप’ असा जो तक्ता लावलेला असतो, तो पाळणारी बाई बाराव्या रेपला बऱ्याचदा काही रेप शिल्लक ठेवून उठते. म्हणून मी टक्क्यांपेक्षा शिल्लक रेपवर भर देते. टक्के कागदावर ठीक आहेत. बाई तीन तास झोपून आली असेल तर तेच ७० टक्के नव्वदीसारखे लागतात.

तुमच्या ट्रेनरचं ‘हलकं वजन, जास्त रेप’ पूर्ण खोटं नाही, अर्धवट आहे. एका रेपच्या ताकदीच्या ३० टक्के इतक्या हलक्या वजनानेही स्नायू वाढतात, हे प्रयोगांत दिसलंय. पण अट अशी की सेट जवळजवळ शेवटापर्यंत न्यायचा. तिथे तीस-पस्तीस रेप लागतात आणि ते अतिशय कष्टाचं, कंटाळवाणं काम आहे. कुणीही ते आनंदाने आठवड्यातून तीनदा करत नाही. हलकं वजन घेऊन पंधराव्याला थांबणं म्हणजे वजनही नाही आणि शेवटही नाही. आणि ताकद वाढवायची असेल तर जड वजनाला पर्याय नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००९ ची शिफारस नवशिक्यांसाठीच ६० ते ७० टक्के, ८ ते १२ रेप अशी होती. नवशिक्यांसाठी!

अंग पुरुषी होईल ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ‘टोन’च्या मागे तीच लपलेली असते. प्रौढ पुरुषात टेस्टोस्टेरॉन बाईच्या साधारण पंधरापट असतं. बाईचे स्नायू टक्केवारीत पुरुषाइतकेच वाढतात, पण मुळात कमी असल्याने किलोत वाढ थोडी दिसते. पुण्याजवळच्या वडगाव मावळची हर्षदा गरुड २०२२ मध्ये ग्रीसमध्ये हेराक्लिऑनला ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंगमध्ये सुवर्ण जिंकली, भारतासाठी या स्पर्धेतलं पहिलं. तिने स्नॅचमध्ये (एका झटक्यात डोक्यावर) ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ८३ किलो उचलले. वजनगट कुठला? ४५ किलो. शरीराच्या वजनाच्या पावणेदोन पटीहून जास्त वजन डोक्यावर नेणारी मुलगी ४५ किलोच्या गटात बसते. गॉब्लेट स्क्वॉटला १२ किलो घेतल्याने तुमच्या ब्लाऊजच्या बाह्या उसवणार नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या पिढीने बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत हंडे उचललेले असतात आणि अंग बाहेर येण्याचा त्रास आसपास पाहिलेला असतो. त्यामागची मोठी कारणं म्हणजे योनिमार्गे झालेली बाळंतपणं, वय, लठ्ठपणा, वर्षानुवर्षांचा खोकला आणि बद्धकोष्ठ. रोज सकाळी कुंथणं हे आठवड्यातून तीनदा डेडलिफ्ट करण्यापेक्षा ओटीपोटाच्या स्नायूंना जास्त महाग पडू शकतं, पण त्याबद्दल कुणी कुणाला ‘सांभाळून’ म्हणत नाही. कुठलाही त्रास नसलेल्या बाईने हळूहळू वजन वाढवत नेलं तर घाबरण्याचं कारण नाही. पण खाली जडपणा, काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, उचलताना किंवा उडी मारताना लघवी गळणं यांतलं काही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. लघवी गळणं जिममधल्या बऱ्याच जणी ‘आपल्याला असतंच’ म्हणून सोडून देतात, काळी लेगिंग घालतात आणि गप्प बसतात. त्यावर उपाय असतो, आणि बहुतेकदा व्यायाम बंदही करावा लागत नाही. श्वास, पायांची ठेवण आणि वजन काही आठवडे बदलावं लागतं. सिझेरियन किंवा कुठलीही पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, हर्निया असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

आता रील्स. फेल्युअरचं प्रस्थ इतकं वाढलंय की प्रत्येक सेटला बार छातीवर पडल्याशिवाय व्यायाम झाला असं कुणाला वाटेना. स्नायू वाढवायला एक-दोन-तीन शिल्लक ठेवून थांबलेलं पुरतं, आणि ताकदीसाठी तर फेल्युअरची गरजच नाही. प्रत्येक सेट शेवटापर्यंत नेला की दुसऱ्या-तिसऱ्या सेटचे रेप कोसळतात, फॉर्म ढासळतो आणि पुढचे दोन दिवस पाय ओढत फिरावं लागतं. वेटलिफ्टिंगवाल्यांकडे पाहा. मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्य घेतलं. या खेळातल्या सरावात सेट एक ते तीन रेपचे असतात, आणि रोजचे बरेचसे सेट स्वच्छ, वेगात उचलता येतील अशा वजनावर होतात. त्याच मीराबाईला २०१६ मध्ये रिओत क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न जमले नव्हते. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचीही हद्द रोज एकाच जागी नसते. तुमचीही नसेल.

फेल्युअर तुम्ही वापरा, पण मोजून: तीन-चार आठवड्यांतून एकदा, सुरक्षित मशीनवर, शेवटच्या सेटला, अंदाज पडताळण्यापुरतं. स्क्वॉट कधीही रॅकमध्ये, दोन्ही बाजूंचे आडवे दांडे योग्य उंचीवर लावून, म्हणजे उठता आलं नाही तर बार त्यांवर टेकवून बाहेर येता येतं. बेंच प्रेसला स्पॉटर, म्हणजे अडकलं तर बार धरायला उभा असलेला माणूस, हवाच.

एक धोक्याची खूण सांगून ठेवते. खूप दिवसांच्या खंडानंतर एखाद्या ‘चॅलेंज’मध्ये शेकडो स्क्वॉट मारल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी कोलासारखी गडद झाली, तर झोपून राहू नका, लगेच रुग्णालय गाठा. स्नायू तुटून त्यांतले घटक रक्तात उतरलेले असू शकतात आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं म्हणजे व्यायाम चांगला झाला, हेही खरं नाही. नवा प्रकार केला की दुखतं, सवय झाली की दुखत नाही, आणि वाढ दोन्हीत होते.

तुमचं वय ४१. पाळी जाण्याच्या आधीची वर्षं आता सुरू होतील, आणि पाळी गेल्यावर हाडं वेगाने विरळ होतात. इथे जोराचा प्रश्न चैनीचा राहत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी झालेल्या १०१ बायकांवर एक प्रयोग झाला, २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सरासरी वय ६५. एका गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, डेडलिफ्ट, स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस आणि उडीचा एक व्यायाम दिला. ५ सेट, ५ रेप, वजन ८५ टक्क्यांच्या वर. दुसऱ्या गटाला घरी करायचा हलका व्यायाम. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्याची १.२ टक्क्यांनी घटली होती. जड गटात दुखापत किती? एकीची कंबर थोडी धरली, बस. पण सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली झालं आणि वजन पायरीपायरीने वाढवलं होतं, हे विसरू नका. ६५ वर्षांच्या, ठिसूळ हाडांच्या बायका ८५ टक्क्यांवर डेडलिफ्ट करतात आणि एकेचाळिशीतली धडधाकट बाई ५ किलोचं डंबेल धरून उभी राहते. गिरणीतून दहा किलोचं दळण तुम्ही एका हातात आणत असाल, दुसऱ्या हातात किल्ल्या.

पाळीच्या दिवसांत जड उचलावं का? उचलता येत असेल तर उचला. महिन्याच्या अमुक आठवड्यात जड, तमुक आठवड्यात हलकं अशी वेळापत्रकं सध्या बरीच विकली जातात, त्यांना भक्कम आधार नाही. तुमचा शिल्लक रेपचा हिशोब हे काम आपोआप करतो. पोटात कळा येत असतील तर २० किलोवर दोन शिल्लक राहतील, एरवी २५ वर राहिले असते. कॅलेंडर बघायचं कारण नाही.

उलट दुसऱ्या एका गोष्टीकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, साधारण ५४ टक्के, बायकांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या बाईला दुसऱ्या सेटलाच धाप लागते, डोकं हलकं होतं, आणि ती म्हणते ‘माझ्यात जोरच नाही’. तिला पर्सनल ट्रेनर नको, रक्ताची तपासणी हवी. सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या, आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तसंच खाण्याचं. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. वजनं उचलणाऱ्याने, माझ्या मते, १.२ ते १.६ पर्यंत जावं. ६० किलोच्या बाईला ७२ ते ९६ ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि रात्री वरणभात या क्रमात ते भरत नाही. अंडी, दही, पनीर, डाळी, सोयाबीन, मासे, जे घरात चालत असेल ते प्रत्येक जेवणात हवं. वजन कमी करायचं म्हणून एकवेळ जेवून जोराने व्यायाम करणाऱ्या मुली मला तुमच्यापेक्षा जास्त काळजीत टाकतात. तीन महिने पाळी आली नाही आणि दिवस गेलेले नाहीत, तर तो ‘फिट’ झाल्याचा पुरावा नाही, डॉक्टरांकडे जाण्याचं कारण आहे.

आता तुमचा पुढचा दीड महिना. गॉब्लेट स्क्वॉट उद्याच ५ वरून १० वर न्या, खात्री आहे की तरी आठ रेपला तीनहून जास्त शिल्लक राहतील. मग साडेबारा, मग पंधरा. लॅट पुलडाऊनला २० ने सुरू करून दर वेळी मशीनची पिन एक पट्टी खाली, जिथे आठाला दोन शिल्लक राहतात तिथे थांबा. डेडलिफ्ट शिकून घ्या, हा व्यायाम तुमच्या कार्यक्रमात नाही आणि असायला हवा. रॉड किती किलोचा आहे ते विचारा किंवा वजनकाट्यावर ठेवून बघा. आपल्या जिममध्ये ७, १०, १५, २० किलोचे रॉड एकाच कोपऱ्यात उभे असतात आणि कुणावर काही लिहिलेलं नसतं. वेटलिफ्टिंग स्पर्धेतला बायकांचा बार १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा असतो, पुरुषांचा २० किलो आणि २८ मिलिमीटर. तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ आहेत, पण लहान पंजाच्या बाईची पकड जाड रॉडवर पाठीच्या आधी सुटते आणि तिला वाटतं आपली पाठच कमजोर. स्ट्रॅप (मनगट बारला बांधायचे पट्टे) घ्या, लाज बाळगू नका. शेवटच्या दोन सेटला लावा, आधीचे नुसत्या हाताने.

शोल्डर प्रेसची अडचण खरी आहे आणि ती तुमच्या हिमतीची नाही. अडीचनंतर रॅकवर पुढचं डंबेल पाच. म्हणजे एका उडीत दुप्पट. ‘अजून एक प्लेट लाव’ म्हणणाऱ्या कुठल्याही पुरुषाला ३० वरून एकदम ६० घ्यायला सांगा, काय म्हणतो बघा. मधली वाट अशी: अडीचचे रेप २० पर्यंत नेऊन बघा. मग ५ किलोचं एकच डंबेल दोन्ही हातांनी धरून डोक्यावर न्या, किंवा ७ किलोच्या रॉडने दोन्ही हातांनी प्रेस करा. रॉडवर ८ रेप नीट झाले, दोन शिल्लक राहिले, की पाचची जोडी चार-पाच रेपसाठी उचलून बघा. चार झाले तरी तो सेट मोजायचा. अर्ध्या किलोच्या मनगटाला बांधायच्या पट्ट्या मिळतात, त्या अडीचच्या डंबेलबरोबर बांधल्या की तीन होतात. आणि जिमच्या मालकाला तीन, चार किलोची डंबेल्स आणि १.२५ च्या प्लेट मागवायला सांगा. चार जणींनी मिळून सांगितलं तर मागवतात.